शिकवण्यात तुमचाही वाटा मागा: नायगाव परिसरातील पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

नायगाव, नरसी, कुंटूर, बरबडा या भागातून कॉलेजला येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यात तीन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. "सर आम्हालाच वर्गापुढे धडा समजावून सांगायला लावतात, त्याचे मार्क किती?" "अभिप्रायाचा फॉर्म भरून दिला, पुढे त्याचं काय होतं?" आणि सगळ्यात कळीचा प्रश्न, "हे सगळं करून नोकरी लागते का?" पालकांची शंका वेगळीच असते. शिकवायला प्राध्यापक आहेत, मग आमच्या मुलीने त्यात वेळ का घालवायचा?

प्रश्न रास्त आहेत, म्हणून उत्तरही सरळ देतो. शिकवण्याच्या कामात वाटा उचलल्याने नोकरी आपोआप लागत नाही. पण मुलाखतीत सांगता येईल असं, स्वतः उभं केलेलं एक काम तुमच्या हाती येतं. आपल्या भागातल्या अनेक पदवीधरांकडे गुणपत्रिका चांगली असते, पण असं काम नसतं. असं काम करण्यासाठी कायद्यात आणि विद्यापीठाच्या रचनेत जागा ठेवलेल्या आहेत. त्या बहुतेकांना माहीतच नसतात.

सहभाग म्हणजे नेमकं काय?

वर्ग प्रतिनिधी होणं किंवा गॅदरिंगमध्ये सूत्रसंचालन करणं म्हणजे हा सहभाग नव्हे. शिकण्या-शिकवण्याच्या कामातच तुमचा हात लागला पाहिजे. त्याचे ढोबळमानाने चार प्रकार आहेत:

- सोबत्यांना शिकवणं. मागच्या वर्षी अवघड गेलेला एखादा भाग यंदाच्या मुलांना शिक्षकांच्या देखरेखीखाली समजावून देणं.
- साहित्य तयार करणं. प्रश्नसंच, प्रात्यक्षिकाची मराठी टिपणं, आपल्या बाजारपेठेतली आणि शेतीतली उदाहरणं जमवणं.
- शिकवण्यावर नेमका अभिप्राय देणं. कुठे गाडी अडते, कशाने समजतं हे शिक्षकांना वेळच्या वेळी सांगणं.
- अभ्यासक्रमाच्या निर्णयात बोलणं. समिती किंवा मंडळावर असाल तर तयारी करून मत मांडणं.

यातलं काही आपल्याकडे नवं नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी १८४८ मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी या तरुणांनी मुलींच्या शाळा चालवायला घेतल्या. दादाभाई नौरोजी त्यांच्यातलेच. बाहेरच्या देशांत आज याला रीतसर रूप आलं आहे. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी इथल्या शाखेत १९७३ पासून, अवघड विषय पार केलेले विद्यार्थी पुढच्या तुकडीसाठी जादा तास घेतात. तिथला एक नियम आपण जसाच्या तसा घ्यावा असा आहे: जादा तास अवघड विषयासाठी ठेवायचा, 'कच्च्या मुलांसाठी' नाही. मग यायला कोणी लाजत नाही.

नोकरीशी याचा संबंध कुठे येतो?

मुलाखतीत पदवीचा विषय पाच मिनिटांत संपतो. पुढचे प्रश्न साधारण असे असतात: एखादं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुम्ही स्वतः केलं का? चारजणांकडून काम करून घेताना काय अडचण आली? अवघड गोष्ट नवख्या माणसाला समजावून सांगा. चूक झाली तेव्हा काय बदललं? पाठांतरावर यांची उत्तरं देता येत नाहीत. चार आठवडे दहा मुलांना एक धडा शिकवलेला विद्यार्थी या प्रत्येक प्रश्नाला अनुभवातून उत्तर देऊ शकतो.

दुसरा फायदा विषयाचाच आहे. समोरचा "पण असं का?" म्हणून विचारतो तेव्हा आपल्याला नक्की काय येतं आणि काय येत नाही ते कळतं. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांनाही हे लागू पडतं. लातूर पॅटर्नने सरावाची शिस्त सगळ्या महाराष्ट्राला दाखवली. ती शिस्त हवीच. पण बँकेच्या काउंटरवर, शाळेत, दवाखान्यात किंवा कंपनीत दिवसभर माणसांना समजावून सांगावं लागतं. त्याचा सराव प्रश्नपत्रिका सोडवून होत नाही.

मात्र संगणक, इंग्रजी, टॅली किंवा प्रयोगशाळेतलं कौशल्य याला हा सहभाग पर्याय ठरत नाही. ती कौशल्यं वेगळी शिकावी लागतात. सहभागामुळे ती वापरून दाखवायला जागा मिळते.

एक उदाहरण: चार तासांचा जीएसटीचा वर्ग

बीकॉमच्या मुलांना केंद्राचा कर, राज्याचा कर आणि आंतरराज्य कर यांत नेहमी घोळ होतो. नायगाव तेलंगणाच्या सीमेपासून लांब नाही. इथल्या एखाद्या दुकानदाराने दहा हजारांचे पाइप नांदेडच्या गिऱ्हाइकाला विकले आणि कर १८ टक्के असेल, तर बिलावर सीजीएसटी ९०० आणि एसजीएसटी ९०० लागतो. तोच माल बोधनच्या गिऱ्हाइकाकडे पोहोचवला तर आयजीएसटी १,८०० लागतो. एकूण रक्कम तीच राहते, पण रकाना बदलतो. गिऱ्हाइकाचा जीएसटी क्रमांक पाहिला तर महाराष्ट्राचा २७ ने आणि तेलंगणाचा ३६ ने सुरू होतो.

ज्या विद्यार्थ्याच्या घरी दुकान आहे त्याने अशी दहा-बारा बिलं आणावीत, गिऱ्हाइकांची नावं, फोन नंबर आणि जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक सोडून बाकीचे झाकावेत आणि वर्गाला विचारावं, यातली कोणती बिलं चुकली आहेत? पहिल्या तासाला बिल वाचायचं, दुसऱ्या तासाला स्वतः तयार करायचं, तिसऱ्या तासाला चुका शोधायच्या आणि चौथ्या तासाला छोटी चाचणी घ्यायची. शिक्षक वर्गात बसतील आणि चुकलं तिथे दुरुस्त करतील. पुस्तकातल्या उदाहरणापेक्षा हे लवकर समजतं आणि ज्याने हा वर्ग घेतला त्याला लेखापालाच्या मुलाखतीत सांगायला ठोस काम मिळतं.

इतर शाखांनाही हे जमतं. विज्ञान शाखेने माती परीक्षणाचा अहवाल कसा वाचायचा ते शिकवावं. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हैदराबाद मुक्तिसंग्रामाबद्दल गावातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून वर्गासाठी साहित्य करावं. मराठीच्या विद्यार्थ्यांनी बातमी, अर्ज आणि इतिवृत्त लिहिण्याचा सराववर्ग घ्यावा.

सुरुवात कशी कराल? सहा पायऱ्या

1. एकच धडा निवडा. संपूर्ण विषय घेऊ नका. वर्गातल्या पाच-सहाजणांना विचारा, सगळ्यात जास्त कुठे अडतं?
2. एका शिक्षकांशी बोला. वर्ग संपल्यावर घाईत नको, वेळ मागून घ्या. "सर, तुमचा हा भाग समजत नाही" असं म्हणण्यापेक्षा "या भागावर चार सराव तास घ्यायची इच्छा आहे, तुम्ही तपासून द्याल का?" असं विचारा.
3. लेखी अर्ज द्या. एक पान पुरे. नमुना खाली आहे.
4. वेळ कॉलेजच्या तासांतच ठेवा. शेवटची एसटी चुकली की गावाकडची मुलं, विशेषतः मुली, दुसऱ्या दिवसापासून येत नाहीत. मधला मोकळा तास सगळ्यांत सोयीचा.
5. आधी आणि नंतर छोटी चाचणी घ्या. तेच दहा प्रश्न दोन्ही वेळा विचारा. काय फरक पडला ते कळेल, आणि फरक पडला नसेल तर तेही कळेल.
6. शेवटी शिक्षकांसोबत बसा. काय जमलं, काय बदलायचं हे लिहून काढा आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्या.

अर्जाचा नमुना

*मा. विभागप्रमुख, वाणिज्य विभाग, यांस.*
*विषय: सराव तास घेण्यास परवानगी मिळणेबाबत.*
*महोदय, मी बीकॉम तृतीय वर्षाचा विद्यार्थी आहे. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी 'जीएसटी बिल वाचणे व तयार करणे' या भागावर दर बुधवारी दुपारच्या मोकळ्या तासात चार सराव तास घेण्याची माझी इच्छा आहे. साहित्य विषय शिक्षकांकडून आधी तपासून घेईन. उपस्थिती व चाचणीची नोंद ठेवून शेवटी अहवाल सादर करीन. कृपया परवानगी द्यावी आणि काम समाधानकारक झाल्यास तसे प्रमाणपत्र मिळावे, ही विनंती.*

अर्जाची एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि तिच्यावर आवक क्रमांक व तारीख टाकून घ्या.

कायद्याने दिलेल्या जागा

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालं आणि नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या जिल्ह्यांतली महाविद्यालयं त्याच्याशी संलग्न आहेत. या विद्यापीठाला महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ लागू आहे. तुमच्या कामाच्या जागा अशा:

- महाविद्यालय विकास समिती. विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव हे तिचे सदस्य असतात. समितीची बैठक वर्षातून किमान चार वेळा व्हायला हवी. तुमच्या कॉलेजात हे दोघे कोण आहेत ते विचारून घ्या. ग्रंथालयाची वेळ, संगणक कक्ष, सराव तासांसाठी खोली असे विषय त्यांच्यामार्फत लेखी मांडता येतात.
- अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष, म्हणजे आयक्यूएसी. नॅकच्या रचनेत या कक्षावर विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी यांचे प्रतिनिधी असतात. अभ्यासक्रमावरचा अभिप्राय गोळा करणं आणि त्यावर काय केलं हे दाखवणं नॅकच्या मूल्यांकनात मोजलं जातं. म्हणूनच "आमच्या अभिप्रायावर काय कार्यवाही झाली?" असं विचारण्यात गैर काही नाही.
- विद्यापीठाचं अभ्यास मंडळ. अभ्यासक्रम ठरवताना किंवा बदलताना, आदल्या वर्षी त्या विषयात पदवी आणि पदव्युत्तर परीक्षेत पहिले आलेले विद्यार्थी चर्चेसाठी निमंत्रित सदस्य असतात. तुमच्या ओळखीचं कोणी असेल तर तुमच्या वर्गाची मतं लिहून त्यांच्या हाती द्या.

अभिप्राय असा लिहा

"चांगलं शिकवतात" किंवा "समजत नाही" या वाक्यांचा कुणालाच उपयोग होत नाही. तीन गोष्टी लिहा: कोणता भाग, कुठे अडलं, काय केल्यास सुटेल. उदाहरणार्थ, "सांख्यिकीतील सहसंबंधाची गणितं फळ्यावर एकच सोडवली गेली. घरी करताना तिसऱ्या पायरीवर अडतं. अशी आणखी दोन गणितं वर्गात आम्हाला सोडवायला द्यावीत." शिक्षकांच्या स्वभावावर, भाषेवर किंवा जातीवर एक अक्षरही लिहू नका. अभिप्राय सत्राच्या शेवटी देण्यापेक्षा मध्यावर दिला तर त्याचा फायदा तुमच्याच तुकडीला होतो.

ओजेटी आणि क्षेत्र प्रकल्प कागदावर राहू देऊ नका

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार संलग्न महाविद्यालयांत पदवीची नवी रचना २०२४-२५ पासून सुरू झाली. तीन वर्षांच्या पदवीत ओजेटी म्हणजे कार्यप्रशिक्षण, क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक आहेत. ओजेटीचे चार श्रेयांक म्हणजे साधारण १२० तासांचं काम. तुमच्या शाखेत हे कोणत्या सत्रात आहे ते विभागप्रमुखांकडून आधीच समजून घ्या.

जागा शोधताना जवळच बघा: कृष्णूरची औद्योगिक वसाहत, बाजार समिती, पतसंस्था, सनदी लेखापालाचं कार्यालय, कृषी सेवा केंद्र, ग्रामपंचायत. जाण्याआधी या चार गोष्टी लेखी ठरवा:

- रोजचं काम काय आणि ते शिकवणार कोण
- वेळ आणि एकूण दिवस
- प्रवासखर्च किंवा विद्यावेतन मिळणार का
- शेवटी प्रमाणपत्रावर कामाचा तपशील लिहून मिळेल का

सहभागाचा सगळ्यात चांगला उपयोग परत आल्यावर होतो. तिथे जे शिकलात त्यावर पुढच्या तुकडीसाठी एक तास घ्या. विभागाने दरवर्षी हा पायंडा पाडला, तर कोणत्या ठिकाणी खरोखर शिकायला मिळतं याची यादी आपोआप तयार होईल.

नोंद ठेवा, नाहीतर काम वाया जाईल

एक वही घाला. प्रत्येक तासाची तारीख, उपस्थिती, काय शिकवलं, कुठे अडलं एवढं लिहा. बायोडाटात लिहिताना पदनाम मिरवू नका, काम सांगा.

- *उपयोग नाही:* "नेतृत्वगुण, उत्तम संवादकौशल्य, मेहनती."
- *उपयोग आहे:* "द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी जीएसटी बिलांवर चार सराव तास घेतले, बिलांचा सरावसंच तयार केला, आधी व नंतर चाचणी घेऊन अहवाल विभागाला सादर केला."

जेवढं केलं तेवढंच लिहा. मुलाखतीत दोन उपप्रश्न विचारले की खोटं उघडं पडतं.

इथे सावध राहा

- रिकाम्या जागेवरचा फुकटचा माणूस होऊ नका. प्राध्यापकांच्या जागा रिक्त आहेत म्हणून संपूर्ण विषय विद्यार्थ्यावर टाकणं चूक आहे. तुमचे तास शिक्षकांच्या तासाला जोड म्हणून असावेत, त्यांच्या जागी नाहीत.
- गुणदानात हात घालू नका. सोबत्यांच्या उत्तरपत्रिका तपासणं, अंतर्गत गुण भरणं ही तुमची कामं नाहीत. सांगितलं तरी नम्रपणे नकार द्या.
- काम सगळ्यांना मिळायला हवं. पुढच्या बाकावरच्या त्याच दोघा-तिघांना दरवेळी संधी मिळत असेल तर पाळीपाळीने काम द्यायला सांगा. मुली, दूरच्या तांड्यावरून येणारे, मराठीतून बोलणारे यांनाही वर्गापुढे उभं राहू द्या.
- सहीपुरती ओजेटी नको. न जाता मिळालेल्या प्रमाणपत्राने श्रेयांक मिळतील, काम येणार नाही.
- परीक्षेच्या तोंडावर नवं काम घेऊ नका. सत्राच्या पहिल्या दोन महिन्यांत उरकता येईल एवढंच हाती घ्या.
- कामाला पैसे असतील तर विचारा. ग्रंथालय, प्रयोगशाळा किंवा संगणक कक्षात नियमित काम देत असतील, तर ते कमवा व शिका योजनेत बसतं का हे कार्यालयात चौकशी करून बघा.

तुमचे हक्क

1. तक्रार निवारण. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३च्या नियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय मान्य नसेल तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. अपारदर्शक मूल्यमापन, निकालातला विलंब, अडवलेली कागदपत्रं हे सगळं या तक्रारींत येतं.
2. उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क. तपासलेली स्वतःची उत्तरपत्रिका माहिती अधिकारात पाहता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये दिला. गुण वाढवण्यासाठीच नव्हे, आपण कुठे चुकतो ते समजून घेण्यासाठीही हा हक्क वापरा.
3. सुरक्षिततेचा हक्क. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. ओजेटीला जाणाऱ्या प्रत्येक मुलीला आणि तिच्या पालकांना हे माहीत असलंच पाहिजे.

पालक आणि शिक्षकांसाठी

पालकहो, मुलगी वर्गापुढे उभी राहून शिकवते तेव्हा ती नोकरीचीच तयारी करत असते. तिचा अर्ज, वही आणि वेळ एकदा बघून घ्या आणि तिला पाठिंबा द्या.

प्राध्यापक मंडळींना विनंती आहे की तासिका वाढवू नका, अभ्यासक्रम बदलू नका, फक्त सत्रातले चार तास विद्यार्थ्यांना द्या. पण त्या तासांना तुम्ही स्वतः वर्गात बसा. तुमच्या उपस्थितीशिवाय हा सहभाग नावापुरता राहील.

शेवटी

मोठ्या शहरातल्या कॉलेजांत कंपन्या येतात, क्लब असतात, ओळखी असतात. नायगावात ते नाही, हे खरं आहे. पण अडलेला धडा आहे, तो समजून घ्यायला तयार असलेली मुलं आहेत आणि विचारलं तर वेळ देणारे शिक्षकही आहेत. पदवीच्या तीन वर्षांत असं एक काम पूर्ण करायला एवढं पुरेसं आहे. या आठवड्यात धडा निवडा, शिक्षकांची वेळ घ्या आणि अर्जावर आवक क्रमांक टाकून घ्या.